बेस, ट्रेबल आणि इक्वलायझर: नॉब फिरवण्याचा बरोबर क्रम

मागच्या महिन्यात मामाचा फोन आला. “अरे, नवे स्पीकर घेतले, पण डग्गा ऐकूच येत नाही. बेसचा नॉब शेवटापर्यंत फिरवून झाला.” गेलो. नॉब खरंच शेवटाला टेकलेला, टीव्हीत कसलासा ‘म्युझिक’ मोड चालू, आणि डाव्या स्पीकरच्या मागे लाल तार काळ्या टर्मिनलला. ॲम्प (स्पीकरला ताकद देणारं यंत्र) बंद केला, दोन तारांची अदलाबदल केली, बेस मध्यावर आणला. डग्गा आला. दहा मिनिटांचं काम होतं, त्यातली पाच मिनिटं शोकेस पुढे ओढण्यात गेली.

ही चूक मी इतक्या घरांत पाहिली आहे की शेवटी लिहूनच काढतोय. नॉब वाईट नसतो, त्याची पाळी चुकते. एका टोकाला ‘नॉबला हात लावणं म्हणजे संगीताशी गद्दारी’ मानणारी मंडळी असतात. खोलीतला बेस बदाबदा घुमत असतो, पण ‘सोर्स डायरेक्ट’चं, म्हणजे सगळे नॉब वगळणारं बटण दाबून ती समाधानाने बसतात. दुसऱ्या टोकाला दुकानातून आणल्याबरोबर इक्वलायझरच्या (स्वरांचा एकेक पट्टा वेगळा कमी-जास्त करणारं साधन) दांड्या दोन्ही कडांना वर आणि मधे खाली करणारे. माझं मत सरळ आहे: टोन कंट्रोल (बेस म्हणजे खालच्या स्वरांचा आणि ट्रेबल म्हणजे वरच्या स्वरांचा नॉब) वापरा, इक्वलायझरही वापरा. फक्त खोलीचं दुखणं आणि रेकॉर्डिंगचं दुखणं वेगवेगळं आहे हे धरून चाला. खोलीचा इलाज एकदा करून विसरायचा असतो, रेकॉर्डिंगचा दर वेळी. दोन्ही एकाच नॉबने करायला गेलात की गुंता होतो.

सुरुवातीची तयारी

मोजायचा टेप, वही-पेन्सिल आणि तुमच्या अगदी ओळखीची तीन रेकॉर्डिंग्ज एवढं पुरे.

रेकॉर्डिंग्ज निवडताना घाई करू नका. पहिलं असं घ्या ज्यात एकच गळा पुढे आहे आणि साथ कमी आहे. आपण दिवसभर माणसांचे आवाज ऐकतो, त्यामुळे गळा नाकातून येतोय की मडक्यातून, हे कान लगेच सांगतो. दुसरं, तबला-डग्गा स्पष्ट वाजलेला असेल असं. तिसरं, हल्लीच्या पद्धतीचं, भरगच्च वाद्यमेळाचं. तिन्ही चांगल्या प्रतीची हवीत. व्हॉट्सॲपवर फिरून आलेली फाइल नको, आणि मोठ्या सभागृहातल्या मैफलीचं ध्वनिमुद्रणही नको. त्यात त्या सभागृहाचा घुमारा आधीच मिसळलेला असतो आणि तुम्ही तो तुमच्या हॉलचा समजून कापत बसाल.

टप्पा १: सगळं शून्यावर आणा

बेस, ट्रेबल, बॅलन्स मध्यावर. ‘लाउडनेस’ (लहान आवाजात बेस वाढवणारं बटण) बंद. हे सगळे करतात. पुढचं विसरतात.

फोनच्या सेटिंगमध्ये डॉल्बी ॲटमॉस किंवा तसलं काही चालू आहे का? गाण्यांच्या ॲपमध्ये वेगळा इक्वलायझर असतो, तो कुणी छेडलाय का? टीव्हीचा साउंड मोड ‘स्टँडर्ड’ आहे ना? साउंडबार असेल तर त्याचे ‘मूव्ही’, ‘नाइट’, ‘व्हॉइस’ हे सगळे एक प्रकारचे इक्वलायझरच आहेत. एकावर एक तीन ठिकाणी बेस वाढवलेला असला तर शेवटच्या नॉबवर कितीही कष्ट केले तरी आवाज सुधारत नाही.

*तपासणी:* ॲम्पवर ‘डायरेक्ट’चं बटण असेल तर गाणं चालू ठेवून ते दाबा, सोडा. नॉब मध्यावर असताना फरक जवळपास जाणवता कामा नये. ठळक फरक पडला तर ॲम्पमध्येच काहीतरी चालू राहिलंय, मेन्यूत शोधा.

टप्पा २: तारा बघा

आधी ॲम्प बंद करा. मगच मागे हात घाला.

दोन्ही स्पीकरचा प्लस ॲम्पच्या प्लसला आणि मायनस मायनसला हवा. एका बाजूची तार उलटी लागली की एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. खालचे स्वर एकमेकांना मारतात आणि बेस गायब होतो. लोक मग नॉब वाढवतात. तो बेस वाढवूनही येत नाही, कारण जे वाढवलं तेही एकमेकांना मारतच असतं.

*तपासणी:* बातम्या लावा आणि दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधे बसा. निवेदकाचा आवाज समोरून, मध्यातून आला पाहिजे. तो खोलीभर पसरल्यासारखा, नेमका कुठून येतोय कळेनासा वाटला तर ॲम्प बंद करून एकाच स्पीकरच्या तारा उलटवून पुन्हा ऐका. ज्या जोडणीत बेस भरतो ती बरोबर.

टप्पा ३: स्पीकर आणि सोफा हलवा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. फर्निचर हलवायचा कंटाळा येतो आणि नॉब फिरवायला एक बोट पुरतं, म्हणूनच हा टप्पा वगळला जातो. पण कान ज्याची तक्रार करतात, त्यातलं निम्म्याहून अधिक इथेच सुटतं.

आधी उंची. बहुतेक घरांत स्पीकर टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात असतात आणि ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग) गुडघ्यांकडे बघत असतो. वरचे स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात, त्यामुळे सोफ्यावरच्या माणसाला ते कमी ऐकू येतात आणि तो ट्रेबल वाढवतो. त्याऐवजी स्पीकरच्या पुढच्या कडेखाली लाकडाची पाचर किंवा रबराचे दोन तुकडे ठेवून तोंड कानाकडे करा. कप्प्याच्या कोनाड्यात आत ढकललेला स्पीकर खोक्यातून बोलल्यासारखा वाटतो. तो निदान कडेपर्यंत पुढे ओढा.

मग भिंती. स्पीकर कोपऱ्यात गेला की बेस फुगतो, भिंतीपासून पुढे आला की उतरतो. हाच तुमचा पहिला बेस कंट्रोल, आणि तो फुकट आहे. बेस जास्त वाटतोय? नॉबआधी स्पीकर वीतभर पुढे घ्या. कमी वाटतोय? मागे न्या.

आता टेप घ्या. खोलीची लांबी मीटरमध्ये मोजा आणि १७२ ला त्या आकड्याने भागा. उत्तर हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती कंपनं यात येतं. येणाऱ्या हर्ट्‌झवर आणि त्याच्या पटींवर खोली स्वतःच गुणगुणते. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, तिथे सुमारे ५६ हर्ट्‌झ. १२ फुटांना ४७. माझा हॉल १० बाय १६ आहे. १६ फुटांना ३५ येतात आणि त्याची दुप्पट ७०. ‘काळी एक’ पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज (मधला ‘सा’) साधारण १३९ हर्ट्‌झचा, म्हणजे त्याच्या तंबोऱ्याच्या खर्जाचा (सर्वांत खालच्या तारेचा) मूळ स्वर सुमारे ६९. सोफा मागच्या भिंतीला टेकवून ऐकायचो तेव्हा खर्जाची तार छेडली की काचेच्या कपाटात वाट्या किणकिणायच्या. मी आधी तंबोऱ्याला दोष दिला, मग स्पीकरला. दोष १६ फुटांचा होता.

भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर या सगळ्या गुणगुणी एकत्र जमतात. खोलीच्या अगदी मध्यावर बसलात तर उलट, सर्वांत खालची गुणगुण नाहीशी होते. म्हणून सोफा भिंतीपासून फूट-दोन फूट पुढे घ्या. जागा नसेल तर निदान गाणं ऐकताना खुर्ची पुढे ओढून बसा.

*तपासणी:* खोलीत उभं राहून जोरात एक टाळी वाजवा. मागून ‘ट्रिंग’ असा धातूसारखा थरथरणारा आवाज आला तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आणि टाइल्स बोलताहेत. जाड पडदा, सतरंजी, पुस्तकांनी भरलेलं उघडं कपाट, यांनी ते कमी होतं.

*इशारा:* उघड्या खोलीचा कर्कशपणा ट्रेबल कमी करून जात नाही. स्पीकरचा आवाज मंद होतो आणि खोलीची थरथर तशीच राहते. मंद आणि कर्कश एकाच वेळी, असा विचित्र प्रकार होतो.

टप्पा ४: खोलीचा बेस इक्वलायझरने आवरा

हलवाहलवी संपल्यावर जे उरलं तेवढंच इक्वलायझरला द्यायचं.

फोनवर टोन जनरेटरचं एखादं फुकट ॲप घ्या, फोन ॲम्पला जोडा आणि आवाज लहान ठेवा. तो लहानच हवा, कारण शुद्ध खालचा स्वर मोठ्याने वाजवला तर स्पीकरच्या पडद्यावर ताण येतो. नेहमीच्या जागेवर बसून ३० हर्ट्‌झपासून २०० पर्यंत पाच-पाचने वर जा. कुठे आवाज अचानक अंगावर येतो, कुठे गळून पडतो, ते वहीत लिहा. टप्पा ३ मध्ये काढलेल्या आकड्यांजवळच फुगवटे सापडले तर नवल वाटू देऊ नका.

आता नियम एकच: फुगवटे कापा, खड्डे भरू नका.

खड्डा का भरायचा नाही? तो बहुधा भिंतीवरून परतलेला आवाज मूळ आवाजाला मारतो म्हणून पडलेला असतो. स्पीकरचा पुढचा भाग मागच्या भिंतीपासून ७० सेंटिमीटरवर असेल तर साधारण १२० हर्ट्‌झजवळ असा खड्डा पडू शकतो. तिथे ६ डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) वाढवलंत तर ॲम्पला चौपट ताकद लावावी लागते आणि परतणारा आवाजही तितकाच वाढतो. खड्डा जागच्या जागी, ॲम्प मात्र तापतो. ओळखायचं कसं? तो स्वर चालू ठेवून डोकं फूट-दोन फूट पुढेमागे करा. आवाज परत आला तर तो जागेचा खड्डा आहे. पुन्हा टप्पा ३.

हातात कुठलं साधन आहे त्यावर पुढचं अवलंबून आहे.

दहा दांड्यांचा ग्राफिक इक्वलायझर असेल तर त्यावर ३१, ६२, १२५, २५०, ५००, मग हजार, २ हजार, ४ हजार, ८ हजार, १६ हजार असे आकडे असतात. प्रत्येक दांडी अख्ख्या सप्तकावर हात फिरवते. ७० चा फुगवटा ६२ च्या दांडीने कापताना आजूबाजूचंही जातं, म्हणून २–३ डीबीवर थांबा.

पॅरामेट्रिक असेल तर नेमका आकडा, किती कापायचं आणि किती रुंद कापायचं हे तिन्ही हातात असतं. रुंदीच्या आकड्याला ‘क्यू’ म्हणतात. क्यू मोठा तितका काप अरुंद. माझ्या हॉलला ७० हर्ट्‌झ, उणे ५ डीबी, क्यू ४ एवढी एक ओळ पुरली. विंडोजच्या कॉम्प्युटरवर गाणी ऐकत असाल तर ‘इक्वलायझर एपीओ’ फुकट मिळतो आणि हेच काम करतो.

मोजूनच करायचं असेल तर ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे सॉफ्टवेअरही फुकट आहे, पण सोबत मोजमापाचा यूएसबी माइक घ्या. फोनच्या माइकवर खालच्या स्वरांसाठी विसंबू नका. एकाच जागी नाही, डोक्याच्या आसपास चार-पाच ठिकाणी मोजा. आणि आलेख बघून हुरळू नका. साधारण २००–३०० हर्ट्‌झच्या वर खोलीतल्या मोजणीत असंख्य बारीक दाते दिसतात. तिथला एकेक दात इक्वलायझरने सपाट करायला गेलात तर आलेख देखणा होतो आणि गळा बिघडतो.

एव्ही रिसिव्हरची (होम थिएटरच्या ॲम्पची) आपोआप होणारी मोजणी वापरत असाल तर दोन गोष्टी पाळा. मोजणीच्या वेळी पंखा बंद. शक्यतो फ्रिजही पाच मिनिटं बंद, आणि स्वयंपाकघरात मिक्सर नको. माइक सोफ्याच्या पाठीवर न टेकवता कानाच्या उंचीवर स्टँडला लावा.

*तपासणी:* एकूण किती ओळी झाल्या? तीन-चारच्या पुढे गेला असाल तर एकेक काढून ऐका. काढल्याने फरक पडत नसेल ती ओळ नकोच होती.

ही सेटिंग साठवा आणि तिला पुन्हा हात लावू नका. सोफा हलला तरच.

टप्पा ५: आता नॉब, रेकॉर्डिंगसाठी

बेस-ट्रेबलचे साधे नॉब मला इक्वलायझरपेक्षा जास्त आवडतात, त्याचं कारण त्यांचा आळशीपणा. ते दोन टोकांना काम करतात, मधल्या भागाला, म्हणजे गळ्याच्या मुख्य पट्ट्याला, फारसा धक्का लावत नाहीत. त्यामुळे हात चुकला तरी नुकसान थोडं.

एका वेळी एकच नॉब, एका वेळी एकच खूण.

मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेलं गाणं घ्या. वरून खरखर पडतेय. ट्रेबल हळूहळू खाली आणा. प्रत्येक खुणेला थांबून तीन गोष्टी ऐका: गाणाऱ्याचा ‘स’ आणि ‘च’, तबल्याची चाट (काठावरचा बोल), आणि ऐकू येत असेल तर तंबोऱ्याची जवारी (तारेची झिणझिण). खरखर मागे सरकते, ‘च’ टोचायचा थांबतो, इथपर्यंत ठीक. आणखी एक खूण खाली गेलात की चाट ‘ता’ऐवजी ‘था’ वाजायला लागते, जवारी पुसली जाते, आणि गायिका पडद्याआडून गातेय असं वाटतं. तिथून एक खूण वर या. बहुतेक वेळा उणे ३-४ च्या आसपास थांबता. थोडी खरखर राहील. राहू द्या, कान पाच मिनिटांत तिला विसरतो.

हल्लीच्या चकचकीत गाण्यांना अनेकदा ट्रेबल उणे २ पुरतं. ‘श’ सुईसारखा लागत असेल तर तो साधारण ५ ते ८ हजारांच्या भागात असतो, नॉब तिथे थोडाफार पोचतो. हार्मोनियम कानात घुसत असेल तर मात्र ते दुखणं बहुधा २ ते ४ हजारांचं. तिथे ट्रेबलचा नॉब कमी पडतो, इक्वलायझरची ती दांडी २ डीबी खाली घ्या.

रात्री घर झोपल्यावर लहान आवाजात ऐकताना बेस हरवतो. तो स्पीकरचा दोष नाही. आवाज लहान झाला की माणसाचा कान खालच्या स्वरांना जास्तच बहिरा होतो. अशा वेळी बेस ३ डीबी वाढवणं किंवा ‘लाउडनेस’ लावणं योग्यच आहे, ते बटण त्यासाठीच केलेलं असतं. सकाळी मात्र आठवणीने काढा.

*इशारा:* वाढवलेला आवाज नेहमीच ‘चांगला’ वाटतो. बेस-ट्रेबल वाढवल्याने एकूण आवाजही किंचित वाढतो आणि कान फसतो. प्रत्येक बदलानंतर व्हॉल्यूम आधीइतका करून मगच ठरवा.

*तपासणी:* डोळे मिटा आणि घरातल्या कुणाला तरी ‘डायरेक्ट’चं बटण मनाला येईल तसं दाबायला सांगा. तुम्हाला ओळखता आलं नाही, किंवा ओळखून दर वेळी नॉबविनाचं आवडलं, तर नॉब मध्यावर. आमच्याकडे हे काम मुलीकडे आहे. ती मुद्दाम तीनदा न दाबताच ‘दाबलं’ म्हणते, त्यामुळे चाचणी जास्तच खरी होते.

टप्पा ६: ताकदीचा हिशेब

३ डीबी म्हणजे ॲम्पला दुप्पट ताकद, १० डीबी म्हणजे दहापट. एरवी ५ वॉटवर निवांत वाजणारा ॲम्प बेस १० डीबी वाढवल्यावर खालच्या स्वरांसाठी ५० वॉट मागतो. नसले की आवाजाची टोकं छाटली जातात, आणि त्या फाटक्या आवाजाने आधी ट्वीटर जळतो. मी स्वतः एकदा जाळलाय. गच्चीवरचा घरगुती कार्यक्रम, उघड्यावर आवाज पुरेना म्हणून व्हॉल्यूम वर, ट्रेबल पूर्ण. अर्ध्या तासाने एका बाजूची झांज गप्प झाली. मला वाटलं तार निघाली.

पाच इंची वूफरच्या (खालचे स्वर वाजवणाऱ्या भागाच्या) लहान स्पीकरला ३१ हर्ट्‌झची दांडी वर करून काहीच मिळत नाही. जाळी काढून बघा: पडदा भराभरा पुढेमागे होतो, आवाज येत नाही. त्या दांडीला शून्याच्या वर नेऊच नका, उलट थोडी खाली घेतलीत तर स्पीकर सुटसुटीत वाजतो.

कॉम्प्युटर किंवा फोनमधल्या इक्वलायझरला ‘प्रीॲम्प’ नावाची एक वेगळी दांडी असते. सगळ्यात जास्त जितकं वाढवलं असेल तितकं ती खाली घ्या. कुठलीतरी दांडी अधिक ४ वर असेल तर प्रीॲम्प उणे ४. हे न केल्यामुळे चांगल्या स्पीकरवर चिरका आवाज ऐकणारे कितीतरी लोक आहेत, आणि ते स्पीकर बदलतात.

रेकॉर्ड प्लेअरवाल्यांसाठी

एलपीच्या खाचेत बेस मुद्दाम कमी आणि ट्रेबल मुद्दाम जास्त कोरलेला असतो. ते उलटं फिरवण्याचं काम फोनो प्रीॲम्प करतो. काही प्लेअरमध्ये तो आत असतो, काहींत नसतो. नसलेला प्लेअर थेट ‘ऑक्स’ला (ॲम्पच्या साध्या इनपुटला) जोडला की आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो. ती भरपाई बेसच्या नॉबने होत नाही, फरक फार मोठा असतो. ‘फोनो’ लिहिलेल्या खाचेत जोडा किंवा छोटा फोनो प्रीॲम्प आणा. उलट, आत प्रीॲम्प असलेला प्लेअर ‘फोनो’त जोडलात तर बेस फुगून आवाज फाटतो.

शेवटचं काम: खुणा

ठरलेल्या सेटिंग दोन दिवस तशाच ठेवा, कारण पहिल्या तासाला कान अजून जुन्या सवयीत असतो. मग वहीत लिहा: खोलीची सेटिंग एका पानावर, रेकॉर्डिंगनुसारच्या नॉबच्या खुणा दुसऱ्या. इक्वलायझरच्या पडद्याचा फोटो काढून ठेवा. धूळ पुसताना नॉब हलतातच. मामाच्या ॲम्पवर बेस-ट्रेबलच्या मध्याची खूण पुसट होती, तिथे मामीने लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका लावून दिलाय.